हनीसकलच्या फुलांच्या अर्काचे औषधी उपयोग कोणते?
औषधाच्या संदर्भात हनीसकल म्हटले की बहुधा लोनिसेरा जपोनिका हा वेल अभिप्रेत असतो. त्याची फुले पांढरी उमलून पुढे पिवळी पडतात, म्हणून चीनमध्ये त्यांना ‘जिन यिन हुआ’, अर्थात सोन्या-चांदीचे फूल, म्हणतात. औषधासाठी मात्र मुख्यतः न उमललेल्या कळ्या वाळवतात आणि ताप, घसादुखी, सूज व गळवे यांवर त्यांचा काढा देतात. वू जूथोंग या वैद्याच्या १७९८ च्या ग्रंथातील ‘यिन छियाओ सान’ हे हनीसकल असलेले सर्दीतापावरील मिश्र औषध आजही प्रचारात आहे. कळ्यांतील क्लोरोजेनिक आम्ल आणि ल्युटिओलिन ही द्रव्ये प्रयोगशाळेत दाहशामक ठरली असली, तरी माणसांवरील पुरावा तोकडा आहे, शिवाय बहुतेक चाचण्या अनेक वनस्पतींच्या मिश्रणांच्या असल्याने त्यांचे श्रेय एकट्या हनीसकलला देता येत नाही. हा अर्क असलेल्या मिश्र औषधांच्या इंजेक्शनांमुळे गंभीर ॲलर्जी झाल्याच्या नोंदी चीनमध्ये आहेत. आपल्या अंगणातील मधुमालती हा अगदी निराळा वेल आहे (तिची फुले पांढऱ्याची लाल होतात), तेव्हा हनीसकल समजून तिचा काढा करू नये.