किनाऱ्यावर कासवाची अंडी दिसली तर

प्रश्न : गोव्यात मांद्रे किनाऱ्यावर आमचा शॅक (पर्यटकांसाठीचे तात्पुरते हॉटेल) आहे. पहाटे खाटांजवळ कासवाचा माग आणि उकरलेली वाळू दिसली. कुत्री अंडी खातील म्हणून ती काढून वाळूच्या बादलीत ठेवा, असे शेजारी सांगतात. ठेवू का?

उत्तर : मुळीच नको. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे हलले, फिरले की गर्भ मरतो. वरून मात्र काहीच कळत नाही. चांगल्या हेतूने सगळे घरटे असे वाया जाते, याचे फार वाईट वाटते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ही अंडी बाळगणे गुन्हा आहे.

काठी खुपसून घरटे शोधायलाही जाऊ नका. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी साधारण दीड फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि अंगाच्या भाराने वाळू दाबून वर चहूकडे उडवते. त्यामुळे उकरलेल्या जागेत अंडी नेमकी कुठे आहेत ते वरून दिसत नाही. एक अंडे जरी फुटले तरी वासावर मुंग्या, कुर्ल्या, कुत्री येतात.

लगेच वनखात्याला कळवा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही कासवांच्या विणीची अधिकृत ठिकाणे आहेत. माणसे येईपर्यंत उकरलेल्या जागेपासून चांगले मीटरभर बाहेर चार खुंट्या ठोकून दोरी बांधा, कुत्र्यांवर लक्ष ठेवायला कुणाला तरी बसवा आणि माग पुसू देऊ नका. माग नुसताच वळून समुद्राकडे गेला असेल, वाळू उडालेली नसेल, तर मादी बहुधा अंडी न घालताच परतली. जाणकार ते मागावरूनच ओळखतात. अंडी हलवायची की तिथेच जाळी लावायची, हे त्यांनाच ठरवू द्या. घरटे जागीच ठेवले, तर खाटा आणि छत्र्या तिथून उचला. छत्रीचा दांडा थेट अंड्यांत घुसतो.

तारीख लिहून ठेवा. पिल्ले ४५ ते ६० दिवसांत निघतात.

प्रश्न : आगोंदला रात्री पिल्ले समुद्राऐवजी हॉटेलच्या दिव्यांकडे चालली होती. काय करावे? पाण्याच्या बादलीत घालून समुद्रात सोडली तर चालतील का?

उत्तर : आधी दिवे बंद करायला लावा. पिल्ले क्षितिजावरच्या उजेडाकडे जातात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. पाण्याची बादली नको. पाणी लागताच ती जोरात पोहू लागतात आणि खोल समुद्र गाठण्यासाठी पोटात साठवलेली ताकद बादलीतच संपते. भरकटलेली पिल्ले ओलसर वाळू घातलेल्या टोपलीत घ्या, पाण्यापासून काही मीटर अलीकडे ठेवा आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊ द्या. टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश नको. दिवसा सापडली तर उन्हात सोडू नका. सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवून वनखात्याच्या हवाली करा. विणीच्या मोसमात किनाऱ्याकडचे दिवे खाली तोंड करून, आडोसा लावून बसवा. पांढऱ्यापेक्षा पिवळसर-नारिंगी किंवा लाल दिव्याने पिल्ले कमी भरकटतात.