कर्क्युमिन, कुटज आणि चालू गोळ्या

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद. (तुला डॉक्टर म्हणायची सवय करतेय.)

सोमवारी तुझ्याकडे अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण असलेला पेशंट येतोय, आणि त्याला हळद द्यावी का, असं विचारलंस. असा पेशंट, हातात फाइल, आणि पहिलंच वाक्य, ‘मॅडम, त्या गोळ्या सोडायच्यात, तुमचं आयुर्वेदिक काहीतरी द्या.’ हे तू आयुष्यभर ऐकशील. ‘बघू या’ म्हणू नकोस. मी म्हटलं होतं. तेव्हा कुटजावर, म्हणजे आपल्या कुड्यावर, माझा फार भरवसा. पेशंटचे जुलाब दिवसाला दहावरून चारवर आले आणि मी मेसालामीन, म्हणजे आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारी त्यांची चालू गोळी, थांबवायला सांगितली. दोन महिन्यांनी त्यांची बायको रिपोर्ट घेऊन आली. हिमोग्लोबिन 6. स्टिरॉइडची इंजेक्शनं, रक्ताच्या पिशव्या, सगळं झालं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. कुटजघनवटीची अर्धी बाटली टेबलावर ठेवली आणि गेल्या.

कुडा वाईट नाही. चुकले ते मी: आराम पडला म्हणजे आतडं भरून आलं असं धरून चालले. तू शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी मागव, आतड्यात सूज उरलीय का ते त्यात कळतं; लागली तर स्कोपीही, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघणं. नुसता आराम किती फसवा असतो ते बघ. कालमेघ या औषधी वनस्पतीचा अर्क याच आजारासाठी 2013 च्या चाचणीत 224 जणांवर आठ आठवडे तपासला गेला. 1800 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 60 टक्क्यांना उतार पडला, पण औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांतही 40 टक्क्यांना! पुढची मोठी चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबली. ते 40 टक्के वाचले तेव्हा मला माझी बाटली आठवली.

आता तुझी हळद. जपानमधला 2006 चा अभ्यास नीट वाच. आजार शांत असलेले 89 रुग्ण, सहा महिने, रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य. ते घेणाऱ्या 43 पैकी दोघांचा आजार उलटला, न घेणाऱ्या 39 पैकी आठांचा. पण दोन्ही गटांची मेसालामीन किंवा त्याच जातीची सल्फासालाझीन चालूच होती. जाहिरातवाले नेमकं हेच गाळतात. हिशेबही करून बघ. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे 2 ग्रॅमसाठी रोज 65 ग्रॅमच्या वर हळद लागेल. सांगलीची असली तरी इतकी कोण खाणार? दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल तर मी देतच नाही. त्याने कर्क्युमिन रक्तात जास्त शोषलं जातं, पण आपला आजार मोठ्या आतड्याच्या अस्तरात, तिथे न शोषलेलंच कामाचं. शिवाय अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ असं कुणी म्हणालं तर चिनी औषधातल्या निळीचं सांग. जपानमध्ये तिने कोलायटिसवर खरंच जोरदार काम केलं. मग ती घेणाऱ्या काहींच्या फुप्फुसांच्या धमन्यांतला दाब वाढल्याचं आढळलं आणि तिथल्या सरकारला 2016 मध्ये इशारा द्यावा लागला.

सोमवारी तो पेशंट येईल तेव्हा आधी घरचा चूर्णाचा डबा मागव. लेबल नसेल तर बंद कर, अशा पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं निघू शकतं. बरेच दिवस घेत असेल तर मात्र एकदम तोडू नकोस, त्याच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन लाव. आणि चिठ्ठीवर तुझ्या औषधाच्या वर स्वच्छ अक्षरात लिही: ‘चालू गोळ्या तशाच.’