दाणे कोणत्या कंपनीचे, त्याआधी किती जुने ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाच्या दोन फुटी टँकमध्ये चार गोल्डफिश आणि काच चाटणारा एक सकर मासा, शेजारच्या टँकमध्ये डोक्यावर उंचवटा असलेला फ्लॉवरहॉर्न मासा एकटा. मार्चमध्ये गोंदियाहून माशांच्या खाद्याचे किलोभर सुटे दाणे आणले. मे अखेरच्या नवतप्यापासून गोल्डफिश दाणा तोंडात घेऊन थुंकतात आणि पाणी पांढुरकं होतं. दुकानदार म्हणतो दर महिन्याला कंपनी बदला. दीर म्हणतात शेततळ्यातल्या रोहू-कटल्याचं खाद्य घरात पडलंच आहे, तेच टाका. यातलं काय करायचं, हे तुम्हाला हवं आहे.

कंपनीचं नंतर बघू, आधी त्या किलोचा हिशोब करू. तीन इंची गोल्डफिश साधारण २० ग्रॅमची धरा. चार मिळून ८० ग्रॅम. रोज वजनाच्या दीड टक्का खाद्य म्हटलं तर झाले १.२ ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३६ ग्रॅम. तुमचे किलोभर दाणे त्यांना सव्वादोन वर्षं पुरतील! आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या घरात भर दुपारी काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. दाण्यात माशाचं तेल असतं. उष्णता आणि हवा लागली की ते तेल खवट होतं आणि क जीवनसत्त्वही उडून जातं. हे जीवनसत्त्व बरेच दिवस मिळालं नाही तर माशाच्या पाठीचा कणा वाकतो. वरून दाणा तसाच लालचुटूक दिसतो, त्यामुळे आपल्याला कळतच नाही.

हे मी सोसलेलं आहे. एका वर्षी चांगल्या कंपनीचा मोठा डबा स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि उन्हाळाभर माळ्यावर ठेवला. पावसाळा लागेपर्यंत मासोळ्या बारीक व्हायला लागल्या. मी पाणी बदलत राहिलो, औषधं टाकत राहिलो. पाचपैकी तीन गेल्या. मग एक दिवस आईने डब्याचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "हे तर जुन्या जवसाच्या तेलासारखं वासतंय." डबा फेकला, ताजं पाकीट आणलं. उरलेल्या दोघी महिनाभरात सावरल्या. तेव्हापासून नाक लावल्याशिवाय मी दाणे टाकत नाही. ताज्या दाण्याला सुक्या बोंबलासारखा किंवा शेवाळासारखा स्वच्छ वास येतो. खवट, आंबूस किंवा ओलसर कोंदट वास आला तर तो डबा गेला. ओल लागून बुरशी धरलेले दाणे वाळवून पुन्हा वापरू नका. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही आणि ते माशाचं यकृत खातं.

आता थुंकण्याचं. गोल्डफिशला पोट नसतं, घशातून थेट आतडं लागतं. दातही तोंडात नसून घशात असतात. म्हणून ती दाणा घेते, चावते, बाहेर टाकते, पुन्हा घेते. यात काही बिघाड नाही, फक्त दाणा मोठा किंवा कडक आहे. पण थुंकलेल्या दाण्याकडे ती परत वळूनच बघत नसेल, तर दोष दाण्याच्या चवीत आहे. आणि दाणा तोंडातही घेत नसेल, कोपऱ्यात बसून राहत असेल, तर खाद्य बाजूला ठेवा आणि आधी पाणी तपासा. मुलाला पाच मिनिटं टँकसमोर बसवा आणि यातलं नेमकं काय होतंय ते बघायला सांगा. पोट्ट्यांची नजर आपल्यापेक्षा बारीक असते.

आज रात्री एक काम करा. काचेच्या ग्लासात टँकचंच पाणी घ्या, त्यात दहा दाणे टाका आणि घड्याळ लावा. चांगला दाणा पंधरा-वीस मिनिटं आकार धरून राहतो, मऊ होतो, थोडा फुगतो. दोन-तीन मिनिटांतच ढग सुटून खाली पीठ साचलं तर तुमचं पाणी पांढुरकं का होतं, ते समोर दिसेल. हे पीठ सडतं, त्यावर जिवाणू वाढतात, अमोनिया चढतो. उन्हाळ्यात हे जास्त जाचतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. त्यात लाइन गेली की पंप बंद. म्हणून मे-जूनमध्ये दाणे पहाटे, पाणी गार असताना टाका. संध्याकाळी टाकायचेच तर अगदी थोडे. दोन मिनिटांत संपतील इतकेच. तुमच्या चार मासोळ्यांना दोन मिलिमीटरचे दाणे, तेही एवढेच, दोन वेळा. यापेक्षा जास्त लागत नाहीत, त्या काचेला तोंड लावून कितीही मागत असल्या तरी.

निवड करताना पाकिटाच्या मागच्या बाजूने सुरुवात करा. बनवल्याची तारीख सहा महिन्यांच्या आतली हवी. घटकांच्या यादीत फिशमील, म्हणजे सुक्या माशांची पूड, पहिलं किंवा दुसरं हवं. गव्हाचं पीठ किंवा सोयाबीन सगळ्यात वर असेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्या. गोल्डफिशसाठी प्रथिनं ३० ते ३८ टक्के आणि चरबी कमी, पाच-सहा टक्के पुरे. फ्लॉवरहॉर्न मांसाहारी, त्याला ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात. म्हणून दोघांना एकच पाकीट चालणार नाही. गोल्डफिशला बुडणारे दाणे घ्या. तुमच्या गोल्डफिश गोल पोटाच्या असतील तर तरंगते दाणे खाताना त्या वरची हवाही गिळतात, आणि माझ्याकडे अशा दोन उलट्या तरंगायला लागल्या होत्या. तरंगतेच मिळाले तर दोन मिनिटं पाण्यात भिजवून द्या. ताइयो, ऑप्टिमम, टेट्रा, हिकारी, जे सीलबंद आणि ताजं मिळेल ते घ्या. सहा महिने दुकानाच्या उन्हात पडलेल्या महाग पाकिटापेक्षा मागच्या महिन्यात बनलेलं साधं पाकीट मी कधीही घेईन. आणि घ्यायचं ते १०० ग्रॅमचंच. सुट्या दाण्यांना तारीख नसते, त्यामुळे ते कितीही स्वस्त असले तरी नको.

कंपनी बदलण्याबद्दल दुकानदार अर्धा बरोबर आहे. कोणत्याच एका दाण्यात सगळं नसतं, म्हणून बदल हवा. शिवाय एकाच चवीची सवय लागली आणि पावसाळ्यात तो माल मिळाला नाही, तर मासोळ्या अडून बसतात. पण बदल हवा म्हणून चार-पाच पाकिटं एकदम फोडली तर चारही शिळी होतात, आणि ज्यासाठी बदल केला तेच हातचं जातं. मी एका वेळी दोनच उघडी ठेवतो. एक रोजचं आणि एक स्पिरुलिनाचं, म्हणजे शेवाळाच्या भुकटीचं. आठवड्यात चार दिवस रोजचं, दोन दिवस स्पिरुलिना. सातव्या दिवशी दाणे नाहीत, त्याऐवजी उकडून साल काढलेला वाटाणा चिमटीत चुरून किंवा पालकाचं वाफवलेलं पान. रोजचं पाकीट संपलं की पुढचं वेगळ्या कंपनीचं आणतो. म्हणजे आपोआप बदल होतो. नवीन सुरू करताना पहिले दोन-तीन दिवस चार दाण्यांत एक नवा, मग निम्मे, मग पूर्ण. फ्लॉवरहॉर्न रुसेल, कदाचित चार दिवस तोंड लावणार नाही. नाही लावलं तर नाही, जुनं देऊ नका. मोठा, धडधाकट मासा तेवढ्याने मरत नाही. जुनं दिलं की तो हट्ट शिकतो.

त्याच्या डोक्याचा उंचवटा वाढवणारे म्हणून जे दाणे विकतात, त्यावर पैसे घालू नका. उंचवटा मुख्यतः वंशातून येतो, खाद्याने फार तर थोडा उठून दिसतो. रंगाचं मात्र खरं आहे. लाल-पिवळा रंग मासा स्वतः तयार करू शकत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. दाण्यात अस्टाझॅन्थिन, स्पिरुलिना किंवा झेंडूचा अर्क लिहिलेला असेल तर रंग दोन महिन्यांत फरक दाखवतो.

दिरांच्या खाद्याबद्दल. ते विष नाही. पण रोहू-कटल्याचा दाणा सहसा २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचा, चार मिलिमीटरचा आणि तळ्यासाठी बनवलेला असतो. गोल्डफिशच्या तोंडात तो मावत नाही. फोडून दिला तर भुकटीने पाणी घाण होतं, आणि फ्लॉवरहॉर्नला तो कमी पडतो. अंगणातल्या टाक्यात मोठे कोई मासे असते तर मी हो म्हटलं असतं. धानाचा कोंडा आणि ढेपही टँकमध्ये नको, त्या तळ्यातच शोभतात.

फुकटचं आणि उत्तम हवं असेल तर कूलरच्या टाकीत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या आहेत. चहाच्या गाळणीने काढा, साध्या पाण्यात दोनदा धुवा, आठवड्यातून एकदा चिमूटभर द्या. आरोग्य सेवकांनी औषध टाकलेल्या कूलरमधल्या मात्र कधीच नाही. गांडुळंही चालतात, पण फवारणी झालेल्या कपाशीच्या वावरातली नकोत. नालीतले लाल किडे रोग घेऊन येतात, ते टाळा.

ठेवण्याची पद्धत सांगतो. पाकीट फोडलं की आठवड्यापुरते दाणे लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत काढा. बाकीचं हवा दाबून काढून बंद करा, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. तासभर तसंच राहू द्या, नाहीतर गार दाण्यांवर बाहेरची दमट हवा बसून ओल धरते. डिसेंबर-जानेवारीत पाणी १८ अंशांवर आलं की गोल्डफिशचं खाद्य निम्मं करा आणि ते दुपारी द्या. फ्लॉवरहॉर्नला तेव्हा हीटर लागेलच, २७ अंशांवर लावा.

सकर राहिला. त्याला सगळे विसरतात, काच चाटून जगतो असं समजतात. तो रात्री खातो. दिवा घालवल्यावर त्याच्यासाठी शेवाळाची एक बुडणारी वडी किंवा काकडीची जाड चकती चमच्याला खोचून तळाशी सोडा, आणि सकाळी उरलेली काढून घ्या. तो फूटभर वाढतो, दोन फुटी टँक त्याला पुरणार नाही. तेव्हा दुकानात परत द्या, पण गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडू नका. उजनीच्या धरणात हाच मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत भरून येतो आणि जाळी फाडतो.

ग्लासात काय दिसलं आणि मासोळ्या थुंकलेला दाणा परत घेतात का, एवढं उद्या कळवा. दाणे विरघळले असतील तर तो किलो गाईलाही घालू नका, खड्ड्यात पुरा. तिसरा हिस्सा पाणी बदला आणि दोन दिवस सगळ्यांना उपाशी ठेवा.