गर्दी नको म्हणून ध्रुवावर जाऊ नकोस

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंटर्नशिपचे शेवटचे तीन महिने उरलेत आणि अंटार्क्टिकावरच्या एखाद्या संशोधन केंद्रात डॉक्टर म्हणून जायचं तुझ्या मनाने घेतलंय. ‘वॉर्डातल्या गर्दीत जीव गुदमरतो. माणसं कमी आणि शांतता जास्त असेल तिथे मी चांगलं काम करीन,’ असं तू लिहिलंयस. आईबाबांना हे खूळ वाटतं. आणि शेवटी विचारलंयस, तिथे जाणाऱ्या डॉक्टरला धडधाकट असतानाही अपेंडिक्स काढून घ्यावं लागतं, हे खरं का?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रांवर हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत ते खरं आहे. बाकीच्या सदस्यांना ही अट नाही. सुताराचं अपेंडिक्स सुजलं तर डॉक्टर आहे, डॉक्टरचं सुजलं तर कोण? सगळेच देश ही अट घालत नाहीत, पण हा प्रश्न कुणालाच चुकलेला नाही.

1961 साली तो लिओनिद रोगोझोव्ह यांच्यापुढे उभा राहिला. वय 27, नोव्होलाझारेव्हस्काया या सोव्हिएत केंद्रावरचे एकमेव डॉक्टर. एप्रिलच्या अखेरीस पोट दुखू लागलं आणि निदान त्यांचं त्यांनाच करावं लागलं. बाहेर हिमवादळ, विमान येण्याची आशा नाही. 30 एप्रिलच्या रात्री त्यांनी पोटाला भुलीचं इंजेक्शन घेऊन स्वतःवरच शस्त्रक्रिया केली. हवामानशास्त्रज्ञ हत्यारं हातात देत होता, वाहनचालक आरसा धरून उभा होता. आरशात सगळं उलटं दिसतं, म्हणून बोटांच्या स्पर्शावर काम करता यावं यासाठी त्यांनी हातमोजे घातले नव्हते. अर्ध्या तासानंतर गरगरायला लागलं, तेव्हा दर चार-पाच मिनिटांनी काही सेकंद थांबत त्यांनी पावणेदोन तासांत काम पुरं केलं. दोन आठवड्यांत ते पुन्हा कामावर होते.

ही हकिगत धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सुरी हातात घेण्याआधी त्यांनी मदतनिसांना बसवून शिकवलं होतं, की मी बेशुद्ध पडलो तर कोणतं इंजेक्शन द्यायचं आणि कृत्रिम श्वास कसा द्यायचा. औषधाशी कधी संबंध न आलेल्या माणसांवर त्यांना जीव सोपवावा लागला, आणि ती माणसं त्या विश्वासाला उतरली. भारताचं मैत्री केंद्रही रोगोझोव्ह यांच्या केंद्रासारखंच शिर्माकर ओॲसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ भागात आहे, त्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर.

आता तुझ्या शांततेकडे वळू. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रावरून तिथला हिवाळा लागण्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यावर, शेवटचं विमान निघतं आणि एरवी ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत दुसरं येत नाही. मागे चाळीसएक माणसं राहतात. फ्रान्स आणि इटली मिळून चालवत असलेल्या कॉन्कॉर्डिया केंद्रावर तर जेमतेम डझनभर. ऐकायला शांत वाटतं ना? पण त्या डझनभरांपासून सुटका नाही. तिन्ही त्रिकाळ तेच चेहरे, तेच टेबल, तेच कुणाचं तरी खुर्ची सरकवणं. वॉर्डात पेशंट संध्याकाळी डोळ्यांआड होतो. तिथे ज्याला तू सकाळी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्यास, तोच दुपारी तुझ्या ताटात वाढतो. त्याचं दुखणं तुला माहीत असतं, ते कुणाला सांगायचं नसतं, आणि केंद्रप्रमुख विचारतो, ‘याला जनरेटरवर एकट्याला पाठवू ना?’ उत्तर तुलाच द्यायचं असतं. महिनोन्महिन्यांच्या काळोखात झोप मोडते, विसरायला होतं, क्षुल्लक गोष्टीवरून भांडणं होतात. हा त्रास डॉक्टरलाही तितकाच होतो आणि त्याला सांगायला डॉक्टर नसतो.

तेव्हा खरा एकटेपणा असतो तो दुसरं मत न मिळण्याचा. जुलैमधली एक रात्र डोळ्यांसमोर आण. रात्रीचे दोन वाजलेत, प्लंबर पोट धरून आलाय. एक्स-रे तूच काढायचा. रक्त तूच घ्यायचं, तपासायचंही तूच. हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह तूच लावायचं. उपग्रहावरून मायदेशातल्या सर्जनशी बोलता येतं, पण तो बोलण्यापुरताच आहे, त्या पोटाला हात तुझा लागतो. आता पोट उघडायचं की अँटिबायोटिक देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची? उघडायचं ठरलं तर भुलीच्या यंत्राशी स्वयंपाकी बसणार, तू त्याला शिकवलंस तेवढंच त्याला येणार. (ऑस्ट्रेलिया अशा सदस्यांना निघण्याआधी दोन आठवडे रुग्णालयात शिकवून आणतं.) रक्त लागलंच तर रक्तपेढी म्हणजे बाजूच्या खोल्यांत झोपलेली माणसं. त्यांचे रक्तगट तू आधीच लिहून ठेवलेले असतात, त्यातल्या एकाला उठवायचं.

1999 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या डॉक्टर जेरी निल्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी स्वतःच सुईने नमुना काढला आणि पेशींची छायाचित्रं उपग्रहावरून पाठवली. जुलैच्या अंधारात विमानाने न उतरताच औषधं खाली टाकली. केमोथेरपी देताना सोबत होते ते हेच सहकारी. विमान उतरलं ते थेट ऑक्टोबरमध्ये. माणसं टाळायला तिथे गेलेल्या कुणाला हे निभावलं असतं, असं मला वाटत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आत्ता अर्ज करू नकोस. स्वप्न सोड असं मी म्हणत नाही, तीन-चार वर्षं दे म्हणते. आणि ती वर्षं नेमकी तू टाळू पाहतेयस त्या गर्दीत घालव. कॅज्युअल्टीत, भूलशास्त्रात, सर्जरीत किंवा फॅमिली मेडिसिनमध्ये, पण जिथे हात चालतील अशा ठिकाणी. हाड बसवणं, प्लास्टर, टाके, पाठीच्या कण्यात सुई घालून द्यायची स्पायनल भूल, छातीत नळी घालणं, हे सगळं कुणी शेजारी नसताना करता आलं पाहिजे. एखाद्या दंतवैद्याकडे महिनाभर बसून तात्पुरतं सिमेंट भरायला आणि दात काढायला शीक. हसू नकोस, निसटलेलं फिलिंग आणि तुटलेला दात हे तिथलं नेहमीचं काम आहे. हिमदंशही भेटेल, पण घसरून मुरगळलेले पाय आणि कोरड्या हवेने चिरलेली बोटं त्याहून कितीतरी जास्त.

वाटांबद्दल थोडक्यात. भारताच्या मोहिमा गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाठवतं. मैत्री आणि भारती या दोन्ही केंद्रांवर डॉक्टर लागतात, त्यासाठी जाहिरात निघते. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय आणि मानसिक तपासणी होते, औलीच्या बर्फात प्रशिक्षण असतं. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाकडून जायचं तर आधी तिथली वैद्यकीय नोंदणी आणि काम करण्याचा हक्क हवा. तो मोठा वळसा आहे. युरोपीय अंतराळ संस्था दरवर्षी कॉन्कॉर्डियावर एक संशोधक डॉक्टर पाठवते, माणसाचं शरीर आणि मन तिथे कसं बदलतं ते अभ्यासायला. संशोधनाची ओढ असेल तर तेही नजरेत ठेव.

आईबाबांची काळजी मला खूळ वाटत नाही. वर्षभरात तिथे पेशंट फार थोडे येतात, हात गंजतात, परतल्यावर पुन्हा वेगाला लागायला वेळ जातो. पदव्युत्तर शिक्षणाच्या मधोमध हे वर्ष घुसवलंस तर ते अंगावर येईल. ते पुरं करून गेलीस तर तेच वर्ष दुर्गम भागातल्या वैद्यकसेवेत, जहाजांवर, टेलिमेडिसिनमध्ये उपयोगी पडेल. त्यांना हे पत्र वाचायला दे. आणखी एक, मागे घरात कुणी आजारी पडलं तरी तुला परतता येणार नाही. हे आताच, तिघांनी एकत्र बसून बोला.

आणि मला एक गोष्ट लिहून कळव. गुदमरायला होतं ते नक्की कशाने? माणसांनी, की दर दोन मिनिटांनी पुढचा पेशंट बघावा लागतो आणि कुणाचंच नीट ऐकून घेता येत नाही, त्याने? दुसरं असेल तर तुझ्याबद्दलचा माझा अंदाज बदलेल. एकाच माणसाचं तेच दुखणं आठ महिने रोज ऐकून घेणारा डॉक्टर तिथे हवा असतो.

तुझी,
समुपदेशक ताई