चिलापी, क्रेफिश आणि निवृत्तीचे चोवीस लाख

इंदापूर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. साखर कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात २४ लाख आहेत. ईपीएसचं पेन्शन महिना ३,२०० रुपये, घरखर्च १८ हजार, कर्ज नाही, मुलगा नोकरीला लागलेला. घरामागे मोकळी जागा आहे आणि तिथे ॲक्वापोनिक्स उभारायचं मनात आहे. म्हणजे टाकीत मासे, त्यांच्या विष्ठेचं पाणी भाज्यांच्या वाफ्यात, आणि तिथून निवळून परत टाकीत. पुण्याच्या एका विक्रेत्याने साडेसहा लाखांचं कोटेशन दिलं आहे: चिलापीसाठी ५,००० लिटरची टाकी, क्रेफिशसाठी (झिंग्यासारखा, नांग्या असलेला कवचधारी जलचर) सहा चौरस मीटर तळाची पसरट टाकी, वीस चौरस मीटरचे वाफे, वर शेडनेट. महिन्याला ४० हजार मिळतील, क्रेफिश किलोला १,५०० रुपयांनी आम्हीच परत घेऊ, शिवाय ६० टक्के सबसिडी मिळवून देऊ, असं तो म्हणतो. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘सौ. म्हणतात, आधी तुम्हाला विचारावं.’

वहिनींनी विचारायला लावलं ते बरं झालं. साडेसहा लाख घालू नका. साठ हजारांत करता आलं तर जरूर करा. का, ते सांगतो.

आधी माशांचा हिशोब, कारण कोटेशनमध्ये तोच कुठे दिसत नाही. घरगुती ॲक्वापोनिक्समध्ये १,००० लिटर पाण्याला १० ते २० किलो मासे एवढीच शिफारस आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेतही हाच आकडा सापडेल. त्याहून दाटी केली की प्राणवायू आणि अमोनियाचं गणित हाताबाहेर जातं. तुमच्या ५,००० लिटरमध्ये एका वेळी फार तर १०० किलो मासे बसतील. चिलापी विकण्याजोगी व्हायला सहा ते आठ महिने घेते, आणि तुमच्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाणी गार पडलं की ती खाद्याकडे बघतही नाही. वर्षाला १५० किलो निघाले तरी मी चांगलं पीक म्हणेन.

आता भाव. तुम्ही राहता उजनीच्या काठाला! भिगवणच्या मासळी बाजारात धरणातली चिलापी ढिगाने येते आणि तिच्या खाद्यावर कुणाचा रुपयाही खर्च झालेला नसतो. तुमच्या टाकीतल्या माशाला मात्र रोज पेलेट विकत आणून घालावे लागणार. जिवंत मासा म्हणून किलोला १२० रुपये मिळाले असं धरू. १५० किलोचे झाले १८ हजार. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. विक्रेत्याचे महिना ४० हजार केवळ चिलापीतून काढायचे झाले तर वर्षाला चार टन मासे लागतील. तुमची टाकी पाच टन पाण्याची आहे.

‘पण खरा पैसा क्रेफिशमध्ये आहे’ असं तुम्ही लिहिलं आहे. क्रेफिश टाकीत किती मावतात हे पाण्याच्या लिटरवर नाही, तळाच्या जागेवर ठरतं. आपल्याकडे ज्या जातीचं नाव घेतलं जातं ती रेडक्लॉ, मूळची उत्तर ऑस्ट्रेलियाची आणि न्यू गिनीची. ही वाढताना कात टाकते. जुनं कवच गळून नवं कडक होईपर्यंत ती कापसासारखी मऊ असते, आणि तेवढ्या वेळात शेजारचीच क्रेफिश तिला खाऊन टाकते. म्हणून तळाला पाइपचे तुकडे, फुटक्या कौलांचे आडोसे ठेवावे लागतात आणि चौरस मीटरला सात-आठच्या वर मोठ्या क्रेफिश ठेवता येत नाहीत. चिलापीच्या टाकीत सोडल्या तर पिल्लं चिलापीच्या पोटात, वाफ्यात सोडल्या तर मुळांचा फडशा. पावसाळ्याच्या रात्री एअर पंपाच्या नळीला धरून त्या टाकीबाहेर चालत जातात, हे वेगळंच.

तर सहा चौरस मीटर गुणिले आठ, म्हणजे ४८ नग. सरासरी ७० ग्रॅम धरा. सगळ्या जगल्या तर साडेतीन किलोच्या आत. विक्रेत्याचाच १,५०० चा भाव धरला तरी पाच हजार रुपये, तेही सात-आठ महिन्यांनी. हा गुणाकार त्याने तुम्हाला करून दाखवला नाही, यातच काय ते समजा.

आणखी एक. परदेशी जलचर देशात आणायला केंद्र सरकारची परवानगी लागते. मत्स्यालयाच्या दुकानात एखादी जात मिळते म्हणून ती पाळून विकायला मोकळीक आहे असं होत नाही. बीज कुठल्या हॅचरीचं, आयातीची परवानगी कुणाच्या नावे, हे त्याच्याकडून लेखी मागा. तुमच्या घरापासून कालवा किती लांब आहे ते पत्रात नाही, पण उजनीच्या पाण्यात सुटलेली क्रेफिश परत गोळा करता येणार नाही. चिलापीसुद्धा १९५२ साली बाहेरूनच आणलेली, आज तीच धरणभर आहे.

खर्चाची बाजू अशी. दीडशे किलो माशांना सव्वादोनशे किलो खाद्य लागेल, ५५ रुपयांनी साधारण १२,४०० रुपये. पाण्याचा पंप आणि एअर पंप मिळून २५० वॅट, चोवीस तास, म्हणजे रोज सहा युनिट, महिन्याला १८०. युनिटला सगळं मिळून दहा रुपये धरले तर वर्षाला २१,६०० रुपये. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं), पाणी तपासायचे किट, मोडतोड मिळून तीन हजार. एकूण ३७ हजार. उत्पन्नात मासे १८ हजार, क्रेफिश पाच हजार आणि भाजी. भाजीच्या महिन्याला शंभर जुड्या, बारा रुपयांनी, वर्षाचे १४,४००. एवढ्या खाद्यातून चौदा चौरस मीटर पालेभाजीच नीट पोसली जाते, वीस नाही, पण ते सोडून देऊ. बेरीज सदतीस हजारांच्या जरा वर. खर्चही सदतीस. तुमची मेहनत, टाक्यांची झीज आणि पत्रावळीभर मासे पाहुण्यांना गेले ते यात धरलेलंच नाही.

वीज गेली तर काय, हेही विचारा. दाटीच्या टाकीत हवा बंद पडली की पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं वासायला लागतात, आणि तुम्ही उठेपर्यंत सहा महिन्यांचं पीक पांढरं पोट वर करून तरंगत असतं. इन्व्हर्टर कोटेशनमध्ये नाही. मी दोनदा पाहिलं.

सबसिडीचं बोलू. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. पण ते विक्रेत्याच्या बिलावर नाही, सरकारने ठरवलेल्या प्रकल्प खर्चावर. पाणी फिरवून मासे वाढवायच्या परसातल्या छोट्या युनिटचा मान्य खर्च ५० हजार रुपये आहे. वहिनींच्या नावाने अर्ज केला तर ३० हजार, तुमच्या नावाने २० हजार. साडेसहा लाखांचे ६० टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजार, हा आकडा डोक्यातून काढून टाका. पैसेही काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावरच येतात. पुण्याच्या मत्स्यव्यवसाय सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात स्वतः जा, मंजुरी सध्या सुरू आहे का विचारा, मध्यस्थ नको. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचा वीजदरात तुमच्या युनिटला काही फायदा होतो का, तेही तिथेच कळेल. आयकरात मात्र माशांचं उत्पन्न शेतीचं धरत नाहीत. तुमच्या आकड्यांना कर लागणारच नाही, म्हणून ते सोडा.

‘आम्हीच परत घेऊ’ या वाक्याला मी सर्वात जास्त घाबरतो. तमिळनाडूत २०१२ मध्ये इमूचं हेच झालं, आपल्याकडे २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांचं हेच झालं. पक्षी महाग विकायचे, अंडी परत घेण्याचा करार द्यायचा, आणि नव्या गिऱ्हाइकाचा पैसा आटला की कुलूप लावायचं. तुमचा विक्रेता तसा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याचा नफा युनिट विकण्यात आहे, त्याला तुमच्या साडेतीन किलो क्रेफिशची काय गरज?

आता तुमचे २४ लाख. हे भांडवल नाही, हा तुमचा पुढचा पगार आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला खात्यात. सगळे २४ लाख तिथे ठेवले तर महिन्याला १६,४०० पडतात, पेन्शन धरून १९,६००. घरखर्च १८ हजार. जेमतेम भागतं. साडेसहा काढले तर उरलेल्या साडेसतरा लाखांवर ११,९५८, पेन्शनसकट १५,१५८. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून २,८४२ रुपये कमी, आणि महागाई तर पुढेच आहे.

मी अशी वाटणी करेन: २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ३ लाख ४० हजार बँकेच्या मुदत ठेवीत दोन-तीन पावत्या करून, दवाखान्यासाठी. ठेवीवर साडेसहा टक्के धरले तर दोन्हींचं व्याज आणि पेन्शन मिळून १८,७०० च्या आसपास. उरतात ६० हजार. हे गेले तरी चालतील असे पैसे. मेडिक्लेम आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी तो, मासे नंतर.

साठ हजारांत काय होतं? लोखंडी जाळीतली हजार लिटरची पांढरी टाकी, वर खडीचा वाफा, एक छोटा पंप, एक एअर पंप, आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवर काटकसर नको. खडी आपल्या काळ्या पाषाणाचीच घ्या. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती नको. तुमच्या भागातलं बोअरचं पाणी क्षारट असतं, आधी तपासून घ्या. पाणी ‘पिकायला’, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू खडीत वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात; अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय एकही बोटुकली सोडू नका. मग चाळीस चिलापी, आणि वाफ्यात पालक, पुदिना, आंबट चुका. क्रेफिश नाहीच. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक उन्हाळा आणि एक थंडी जाऊ द्या आणि वहीत तीन रकाने ठेवा: खाद्याचे किलो, विजेचे युनिट, विकलेले रुपये. त्या वहीवर मोठ्या युनिटचं बोलता येईल, विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर नाही.

टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर करारातली परतीची अट मला फोटो काढून पाठवा. आणि जुनी टाकी घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा. रसायनाची असेल तर फुकट मिळाली तरी घरी आणू नका.