'वेन्ट' आलं कुठून?

ताई, इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'गोड' (goed) का नाही, 'वेन्ट' का, असं तुमच्या सहावीतल्या मुलानं विचारलं आणि क्लासमध्ये त्याला "पाठ कर" एवढंच सांगितलं, हे वाचून वाईट वाटलं. त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे.

'वेन्ट' मुळात 'गो'चं नव्हेच. 'वेन्ड' हे वेगळं क्रियापद. अर्थ वळणं, मग वाट धरणं. 'सेन्ड'चं 'सेन्ट', 'बेन्ड'चं 'बेन्ट', तसं 'वेन्ड'चं 'वेन्ट'. म्हणजे आपल्या घरी ते अगदी नियमात होतं. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ तिसऱ्याच धातूवरून यायचा. तो मागे पडत गेला आणि साधारण १५००पर्यंत त्याची जागा 'वेन्ट'नं घेतली.

आता मुलाला एवढंच विचारा: "आज मी शाळेत जातो, काल मी शाळेत...?" तो "गेलो" म्हणेल. "जालो" का नाही म्हणालास, विचारा! आपलं 'जाणे' संस्कृत 'या' धातूचं आणि 'गेला' हे 'गत'वरून आलेलं. दोन धातू एका घरात नांदतात. 'होतो'चं 'झाला' तसंच, ते 'जात'वरून. ही रूपं त्याला कोणी पाठ करायला लावली नव्हती. रोज तोंडात असलेली रूपंच अशी टिकतात. 'हेल्प'चं जुनं 'होल्प' मात्र गेलं, तिथं नियमाचं 'हेल्प्ड' आलं.

वापरात खरी अडचण पुढे येते. नाशिकरोडपासून सिन्नरपर्यंतची मुलं माझ्याकडे येतात, जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत "आय डिडन्ट वेन्ट" सापडतं. कारण मराठीत आपण "गेलो नाही" म्हणतो. भूतकाळ 'गेलो'तच राहतो, 'नाही' नुसतं मागे लागतं. इंग्रजीत तो भूतकाळ 'डिड' उचलून नेतं, म्हणून मागे साधं 'गो' उरतं: "आय डिडन्ट गो". मी वहीत 'डिड'खाली लाल रेघ मारते आणि बाजूला लिहिते, 'काल इथे संपला'. तेवढ्यानं पुष्कळांचं सुधारतं.

आणि 'हॅव', 'हॅज'नंतर कधीच 'वेन्ट' नाही, तिथं 'गॉन'. पप्पा त्र्यंबकला गेलेत, अजून तिकडेच आहेत, तर 'हॅज गॉन'. जाऊन आलेत, आता घरी चहा पिताहेत, तर 'हॅज बीन'. 'गेलेत' आणि 'जाऊन आलेत' यांतला फरक तुमच्या मुलाला आधीच कळतो, तिथूनच सुरुवात करा.