डॉसन सिटी कधी वसली?

प्रश्न: कॅनडाच्या युकॉनमधलं डॉसन सिटी कधी आणि कोणी वसवलं? दोन दिवस काढून जाण्यासारखं आहे का?

परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर: १६ ऑगस्ट १८९६ ला सोनं सापडलं, मग जोसेफ लॅड्यू या व्यापाऱ्याने क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांच्या संगमाजवळ प्लॉट पाडून विकले. १८९८ पर्यंत गाव तीस हजारांच्या घरात गेलं. आज जेमतेम दीड हजार.

आमचे कॅल्गरीचे साडू इथेच थांबतात. "त्याआधी तिथं होतं काय? झाडं आणि डास!" हे त्यांनी मला क्लोंडाइक युकॉनला मिळते तिथंच, संगमाकडे पाठ करून ऐकवलं. त्याच संगमावर हॅन या आदिवासी लोकांची ट्रोचेक ही मासेमारीची वस्ती होती. क्लोंडाइक हा त्यांच्या 'ट्रॉन्डेक'चा अपभ्रंश, खाणवाल्यांनी केलेला. अर्थ हातोडी-दगडांची नदी, कारण सामन मासे अडवायला पात्रात खुंट ठोकत. साडू म्हणाले, "वस्ती म्हणजे गाव नव्हे."

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढत मूजहाइडच्या नावेत बसवलं. सोन्यामागून आलेल्या गर्दीने ट्रोचेक गिळल्यावर चीफ आयझॅकने १८९७ मध्ये आपली माणसं पाचेक किलोमीटर खाली इथं आणली. गाणी आणि नाच या धबडग्यात टिकणार नाहीत हे ओळखून त्याने ते अलास्कातल्या नातेवाइकांकडे ठेवायला दिले. दागिने सावकाराकडे नाही, मावशीकडे ठेवावेत तसे. जवळजवळ शंभर वर्षांनी ते परत आले. आम्ही गेलो त्या दिवशी मेळावा होता, तीच गाणी ढोलावर चालू होती.

जेवणाच्या रांगेत एका आजींनी साडूंच्या वाडग्यात मूजचं (तिकडचं मोठं हरीण) सूप वाढलं आणि विचारलं, तुमचं गाव कुठलं? "कॅल्गरी." नाही, तुमच्या माणसांचं? बावीस वर्षं कॅनडात काढलेल्या माणसाच्या तोंडून कोकणातली अकरा घरांची वाडी निघाली. वरून आंबे कसे असतात तेही सांगत बसले. वाडी म्हणजे गाव नव्हे, असं मी तिथं म्हणालो नाही. गाडीत म्हणालो.

२०२३ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून घेतला तेही 'ट्रॉन्डेक-क्लोंडाइक' या नावाने. ती बातमी साडूंना पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

हो, जा की. पण मूजहाइडचा मेळावा दर दोन वर्षांनी असतो, वर्ष बघून जा, आणि व्हाइटहॉर्सहून पाचशेच्या वर किलोमीटर गाडी हाकावी लागेल. सोनं सापडल्याचं श्रेयही, पुस्तकं देतात तसं, एकट्या जॉर्ज कारमॅकला देऊ नका, त्याच्या टोळीतले बाकीचे टॅगिश आदिवासी होते.

डास मात्र आहेत. तेवढं साडूंचं बरोबर.